गेटवरचे मेजर

सातारा जिल्ह्यात फौजेतून पेन्शन घेऊन आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. नाईक म्हणून सुटला तरी मेजर, हवालदार म्हणून सुटला तरी मेजर. जो खरोखर मेजर म्हणून निवृत्त झालेला असतो तो पुण्यात फ्लॅट घेऊन राहतो आणि त्याला गावात कुणी ओळखत नाही. ज्या जिल्ह्यात अपशिंगे गावाच्या नावालाच 'मिलिटरी' चिकटलेलं आहे, तिथं ही बढती गावानं द्यायची आणि माणसानं मुकाट घ्यायची, अशी रीतच आहे.

लोणंदला असे मेजर बरेच. कुणी एमआयडीसीतल्या कंपनीच्या गेटवर, कुणी बँकेच्या दारात दुनळी घेऊन, कुणी पतसंस्थेच्या जिन्यात. पण या जातीचा अस्सल नमुना पाहायचा तर तो कॉलेजच्या गेटवरच. कॉलेज कुठलं ते सांगत नाही. एक तर त्यानं काही बिघडत नाही, आणि दुसरं म्हणजे मेजर हातात पडलेलं मासिक शेवटच्या पानावरच्या जाहिरातीपर्यंत वाचतात.

सकाळी पावणेसातला पुण्याकडची गाडी स्टेशनात शिट्टी मारते न मारते तोच मेजर गेट उघडतात. पायातले बूट पॉलिश केलेले, मिशी बूटपॉलिश केल्यासारखी. डोक्यावरची टोपी मात्र त्यांना मान्य नाही. ती एजन्सीची. खाजगी सुरक्षारक्षकांसाठी 2005 सालचा केंद्राचा कायदा आहे. त्यात रक्षकानं लष्कराच्या किंवा पोलिसांच्या गणवेशासारखा दिसणारा गणवेश घालणं हा गुन्हा आहे. त्यामुळे एजन्सीनं असा गणवेश शोधून काढला जो जगातल्या कुठल्याही फौजेसारखा दिसत नाही. निळा सदरा, खांद्यावर पिवळे गोंडे, छातीवर लाल दोरी. तो घालून पहिल्या दिवशी मेजर घराबाहेर पडले तेव्हा गल्लीतल्या एका म्हातारीनं विचारलं, "वरात कुनाची हाय रं?" मेजरनी गोंडे त्याच संध्याकाळी उसवले. एजन्सीच्या सुपरवायझरनं विचारलं तर म्हणाले, "धुण्यात गेलं."

याच कायद्याखालच्या 2006 सालच्या आदर्श नियमांत रक्षकाचं प्रशिक्षणही सांगितलेलं होतं. साध्या माणसाला शंभर तास वर्गात आणि साठ तास मैदानावर. माजी सैनिकाला सवलत: चाळीस तास वर्ग, सोळा तास मैदान. मेजरनी ही सवलत घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा पंचविशीतल्या एका पोराकडून सॅल्यूट कसा मारायचा ते शिकले. त्या पोराचा कोपर खाली पडत होता. मेजरनी चौथ्या दिवशी त्याला बाजूला घेऊन नीट करून दिला. सर्टिफिकेटवर प्रशिक्षक म्हणून सही त्या पोराची आहे, पण ते आजही रस्त्यात भेटलं की आधी सावधान उभं राहतं.

ऑफिसबाहेरच्या फलकावर 'परिसर सुरक्षा विभाग' असं लिहिलेलं आहे. या विभागाची एकूण नफरी म्हणजे दिवसा मेजर आणि रात्री तात्या. तात्यांना रातांधळेपणा आहे अशी पोरांची खात्री आहे. तात्या म्हणतात, दिसतं सगळं, पण बघून करायचं काय? साहित्य म्हणावं तर एक लाकडी खुर्ची, एक शिट्टी, एक काठी, एक टॉर्च आणि एक नोंदवही. शिवाय चार कॅमेरे आहेत. त्यातल्या गेटवरच्या कॅमेऱ्याला पिंपळाची फांदी दिसते, पार्किंगच्या कॅमेऱ्यात कोळ्यानं घर केलंय, आणि उरलेले दोन प्राचार्यांच्या केबिनकडे बघत असतात. पडदा केबिनमध्येच असल्यामुळे प्राचार्य आत बसून, आपल्याला भेटायला कोण येतंय आणि कोण दारावरूनच परत जातंय, एवढं अचूक सांगू शकतात.

2015 साली विद्यापीठ अनुदान आयोगानं विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. कुंपणाची भिंत चढता येणार नाही इतकी उंच असावी, वर काटेरी तारेची वेटोळी असावीत, ओळखपत्र तपासावं, पाहुण्यांची नोंद ठेवावी, कॅमेरे बसवावेत, आणि जमेल तिथं परिसरातच पोलीस ठाणं काढायचा विचार करावा. प्राचार्यांनी तो कागद मेजरना वाचायला दिला. मेजरनी दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "साहेब, आधी मागची भिंत बांधा."

मागच्या भिंतीला एक खिंडार आहे. पोरांनी त्याला 'खंबाटकीचा बोगदा' असं नाव ठेवलंय. खंबाटकीचा खरा बोगदा जसा साताऱ्याकडून पुण्याला जाणाऱ्यांसाठीच, तसा हाही एकेरी: फक्त बाहेर पडायला. आत यायचं तर गेटनं, कारण हजेरीच्या वेळी मेजरना तोंड दाखवलेलं बरं असतं. बाहेर जायचं ते बोगद्यानं, थेट वडापावच्या गाड्यावर. भिंतीचं इस्टिमेट दर वर्षी निघतं आणि दर वर्षी स्नेहसंमेलनाच्या मांडवात खर्ची पडतं.

आता कायद्यानं मेजरना अधिकार काय? तुम्हा-आम्हाला जेवढा, तेवढाच. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिच्या 40 व्या कलमाप्रमाणे समोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर कुणीही नागरिक गुन्हेगाराला धरू शकतो, मात्र सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. हे कलम मेजरना राज्यशास्त्राच्या सरांनी समजावून सांगितलं. मेजरनी एकच शंका काढली: "बुलेटचा सायलेन्सर फोडून मुलींच्या मागनं फटाके वाजवत फिरनं ह्यात बसतं का?"

सर म्हणाले, "नाही बसत."

"मग अटक न्हाय करायची."

त्यानंतर मेजरनी जी पद्धत बसवली ती कुठल्याही संहितेत सापडायची नाही. बाहेरचं पोरगं बुलेट घेऊन गेटसमोर तिसरी फेरी मारतं, तेव्हा मेजर काठी आडवी करतात, गाडी बंद करायला लावतात आणि किल्ली मागतात. मागतात अशी की पोरगं देऊन टाकतं. मग त्याला गेटवरच्या आपल्या केबिनमध्ये खुर्चीवर बसवतात, स्वतः उभे राहतात आणि चहा मागवतात. चहा पिणाऱ्या माणसाला अटक केली असं कुणाला म्हणता येत नाही. आणि मग चौकशी सुरू होते.

"काय रं, कुनाचा तू?"

"सालप्याचा."

"सालपं मोठं हाय. वस्ती कंची?"

पोरगं वस्ती सांगतं.

"मंजी आज्जा कांदा घालायला येतो मार्केटात, त्येच्या घरातला का? पिवळा फेटा?"

इथं पोराच्या हातातली बशी हलायला लागते.

"ट्रॅक्टर त्योच चालवतो का अजून, का तुज्या बापाकडं दिला? बरं, चहा पी. निवतोय."

लोणंदच्या बाजारसमितीत कांदा घालायला आसपासच्या तालुक्यांतून माणूस येतो. मेजरचा सुट्टीचा दिवस तिथंच जातो. लिलाव बघायचा, ओळखी काढायच्या, कुणाची पोरगी कितवीला, कुणाचं पोरगं कुठल्या कंपनीत लागलं, ते डोक्यात ठेवायचं. लोकांना वाटतं मेजर कांदा घ्यायला आलेत. मेजर घेतात दोन किलो, आणि माहिती नेतात पोतंभर. पाडेगावपासून तरडगावपर्यंतच्या भावक्या त्यांना तोंडपाठ आहेत. बुलेटवाल्याला ते रागावत नाहीत. संध्याकाळी आजोबांना फोन जातो: "नातू आलता, चहा पाजला, गाडी बाकी झ्याक आवाज करती." एवढंच. दुसऱ्या दिवशी सायलेन्सर बदललेला असतो. प्रकरण याच्या पलीकडचं असेल, हात धरण्यापर्यंत, धमकीपर्यंत गेलेलं असेल, तर मात्र मेजर चहा मागवत नाहीत. सरळ 112 फिरवतात आणि गाडी येईपर्यंत गेटला कुलूप घालून कुलपाशी उभे राहतात.

रॅगिंगचंही तसंच. महाराष्ट्रात त्याविरुद्धचा कायदा 1999 पासून आहे, गेटवर मोठा फलक आहे, दर वर्षी पोरं आणि पालक प्रतिज्ञापत्र देतात. तरी एकदा तिसऱ्या वर्षाच्या चौघांनी पहिल्या वर्षातल्या एका बुजऱ्या पोराला पार्किंगमध्ये गाणं म्हणायला लावलं. मेजर मागून आले. म्हणाले, "गानं चांगलं हाय. आता तुमी म्हना. राष्ट्रगीत. सावधान." चौघांनी म्हटलं. तिसऱ्या ओळीत एक अडखळला, तेव्हा मेजरनी ते पहिल्यापासून घेतलं. मग समितीकडे लेखी रिपोर्टही गेला, त्यात वेळ, जागा, नावं सगळं होतं. राष्ट्रगीताचा उल्लेख तेवढा नव्हता.

हे सगळं ऐकायला गोड लागतं, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मेजरच्या सुरक्षेच्या कल्पनेत मुलगा आणि मुलगी झाडाखाली बोलत उभी राहिली की तीही घटनाच. सुरुवातीला ते अशा वेळी सरळ मुलीच्या घरी फोन करायचे. मुलाच्या घरी नाही. मुलाच्या घरी का नाही, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. एकदा अंदोरीकडची एक मुलगी स्वतः केबिनमध्ये आली. उभ्या उभ्याच म्हणाली, "मेजर, परवा तुम्ही आमच्या दादांना फोन केला. आम्ही प्रॅक्टिकलच्या जर्नलचं बोलत होतो. आता घरात चाललंय की कॉलेज बंद करू. बुलेटवाल्यापासून वाचवलंत, चांगलं केलंत. तुमच्यापासून कुणी वाचवायचं?"

मेजरनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मग तिच्या घरी गेले. ओट्यावर बसून काय बोलले ते माहीत नाही, पण मुलगी कॉलेजला येत राहिली. तेव्हापासून फोन बंद झाला. आता झाडाखाली कुणी दिसलं तर मेजर वीस पावलांवर उभे राहून खोकतात. ही सुधारणा आहे की नुसता पद्धतीतला बदल, यावर माझं आणि मराठीच्या मॅडमचं अजून एकमत झालेलं नाही. मॅडम म्हणतात, सुधारणा. मला तो खोकला ऐकू आला की आजही आपणच काहीतरी केलंय असं वाटतं, आणि माझं वय पन्नाशीच्या पुढं आहे.

गेल्या दिवाळीत माझा भाचा अमेरिकेहून आला. तिथल्या एका विद्यापीठात शिकतो. त्याला कॉलेज बघायचं होतं. मेजरनी आधी नोंदवहीत नाव, गाव, काम, कोणास भेटायचे आणि येण्याची वेळ लिहून घेतली, आणि मगच हात मिळवला. भाचा म्हणाला, आमच्याकडे विद्यापीठाचं स्वतःचं पोलीस खातं असतं. शपथ घेतलेले खरे पोलीस, कंबरेला पिस्तूल, गस्तीच्या गाड्या, अटकेचा अधिकार. सुरुवात येल विद्यापीठानं केली, 1894 मध्ये, शहर पोलिसांतले दोन शिपाई परिसरात नेमून. मेजर लक्ष देऊन ऐकत होते. पिस्तुलापाशी थांबले.

"पोरांत पिस्तूल घिऊन?"

"हो."

"आमाला कोतमधनं रायफल काढायची तरी सही लागायची," मेजर एवढंच म्हणाले. मग भाच्यानं निळ्या दिव्याच्या खांबांचं सांगितलं: जागोजाग खांब, त्यावर बटण, दाबलं की पोलिसांना फोन लागतो. मेजरनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "हितं दाबा म्हनावं."

पण एक गोष्ट त्यांना मनापासून आवडली. अमेरिकेत 1990 चा एक कायदा आहे. ज्या विद्यापीठाकडे स्वतःचे पोलीस किंवा सुरक्षा विभाग आहे, त्याला रोजच्या गुन्ह्यांची वही ठेवावी लागते आणि ती कुणीही मागितली तर दाखवावी लागते. वर्षाचे आकडे 1 ऑक्टोबरपर्यंत जाहीर करावे लागतात. "मंजी नोंदवही!" मेजर उभेच राहिले. इतकी वर्षं लोक त्या वहीला हसत होते, आणि तिकडे तिच्यावर कायदा झालेला. कायदा कशामुळे झाला, असं त्यांनी विचारलं. भाच्यानं सांगितलं: 1986 मध्ये जीन क्लेरी नावाच्या मुलीचा हॉस्टेलच्या खोलीत खून झाला. तिच्या आईवडिलांनी लढून कायदा करून घेतला.

मेजरनी पुढचा प्रश्न लगेच विचारला. "दार उघडं कुनी ठिवलं हुतं?"

भाचा चमकला. खरोखरच तसं झालं होतं. आपोआप कुलूप लागणारी तीन दारं होती, आणि मुलांनी जाण्या-येण्याच्या सोयीसाठी त्यांत काहीबाही अडकवून ती उघडी ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं बोगद्यापाशी गेली तर तिथं बाभळीच्या काट्यांचा भारा. त्यामागे दगड, दगडांमागे तारेनं बांधलेली जुनी बाकं. इस्टिमेट नाही, टेंडर नाही. वडापाववाल्यानं धंदा बसला म्हणून प्राचार्यांकडे तक्रार केली. मेजर म्हणाले, "गाडा फुडच्या गेटला लाव. नोंद करतो तुजी."

या नोंदवहीचा मात्र एकदा पुरता पराभव झालेला आहे. आषाढी वारीत माउलींची पालखी नीरा ओलांडते, दत्तघाटावर पादुकांना स्नान होतं, पाडेगावला जिल्ह्याची हद्द लागते आणि मुक्काम लोणंदला पडतो. गावात पाय ठेवायला जागा नसते. कॉलेजच्या वर्गांमध्ये दिंड्या उतरतात. पहिल्या वर्षी मेजर नवीन होते. गेटवर टेबल टाकून बसले. नोंद केल्याशिवाय आत कुणी नाही.

"नाव?"

"माउली."

"बरं. गाव?"

"पंढरीला चाललोय, माउली."

"कुनाला भेटायचं?"

"विठोबाला."

मेजरनी लिहिलं. पुढचा आला, तोही माउली. त्याच्या मागची म्हातारी, तीही माउली. मागून टाळांचा आवाज चढत होता, रांग रस्त्यापर्यंत गेली होती, आणि मेजर मान खाली घालून इमानानं लिहीत होते: माउली, माउली, माउली. काही पानांनंतर वारकऱ्यांनीच त्यांना उचलून टेबलासकट बाजूला ठेवलं, पाया पडले आणि आत गेले. जाण्याची वेळ हा रकाना सगळा कोरा राहिला. मेजरना त्याची अजून टोचणी आहे.

ही पानं पुढे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या भेटीत वर आली. नॅकची समिती येणार म्हणून कॉलेजात रंगरंगोटी झाली, अग्निशामक नळकांड्यांवरच्या तारखा बदलल्या, कोळ्याचं घर पाडलं. सुरक्षेचा पुरावा म्हणून समन्वयक सरांनी नोंदवह्यांचा गठ्ठा टेबलावर मांडला. आत काय आहे हे उघडून बघायला त्यांना सवड कुठली! समितीत माणसं बाहेरच्या राज्यांतली. अध्यक्ष हिंदी भाषक, देवनागरी वाचणारे. त्यांनी नेमकी तीच वही उचलली आणि चाळता चाळता थांबले.

"प्रिन्सिपल साहब, ये माउली कौन हैं? एक ही दिन में इतनी बार आए हैं. और बाहर एक बार भी नहीं गए!"

प्राचार्यांच्या कपाळावर घाम आला. समन्वयक सर वारीची परंपरा इंग्रजीत सांगायला लागले आणि हैबतबाबांपाशी येऊन अडकले. शेवटी मेजरना बोलावणं गेलं. मेजर आले, टाच आपटली, आणि जबलपूरपासून तवांगपर्यंत घासून आलेल्या हिंदीत सांगितलं, "सर, ये हर साल आते हैं. पैदल. इनका गेट पास उधर पंढरपूर से बनता है, इधर हम सिर्फ एंट्री करते हैं."

अध्यक्ष हसले. मग त्यांनी रेजिमेंट विचारली, मेजरनी मराठा लाइट इन्फंट्री सांगितलं, अध्यक्षांचे सासरे कुमाऊँ रेजिमेंटमधले निघाले, आणि सादरीकरणाची राखून ठेवलेली पाऊण तासाची वेळ सियाचिनवरच्या थंडीत गेली. प्राध्यापकांनी महिनाभर खपून केलेल्या स्लाइड लॅपटॉपमध्येच राहिल्या. चहाच्या वेळी सदस्यांनी अपघात-गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल मागितला. मेजरनी तो तयारच ठेवला होता, ते अमेरिकन कायद्याचं ऐकल्यापासून. जेवणाचा डबा चोरीला जाणं, एक वेळ, डबा मिळाला, भाजी मिळाली नाही. घोणस, ग्रंथालयामागे, सर्पमित्रास बोलावून सोडली. शेळ्यांचा बागेत प्रवेश, वारंवार, मालकास समज दिली, शेळ्यांस फरक नाही. झाडाखाली संभाषण: या नोंदी लाल रेघेनं खोडल्या होत्या आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सदर बाब गुन्हा नाही.'

संध्याकाळी समितीची गाडी निघाली. सीलबंद अहवाल अध्यक्षांच्या मांडीवरच्या बॅगेत. प्राचार्य, संचालक मंडळ, प्राध्यापक, सगळे हात जोडून ओळीनं उभे. गाडी गेटपाशी आली आणि मेजरनी काठी आडवी केली. प्राचार्य लांबून दोन्ही हात हलवत होते, सोडा, सोडा. मेजरनी तिकडे बघितलंच नाही. खिडकीतून वही आत दिली, वर पेन ठेवलं.

"सर, आउट टाइम."